८२३ वर्षांचा मेसेज आणि सातची बाकी

यंदा १ मेला महाराष्ट्र दिनाचं ध्वजारोहण आटोपून आम्ही सगळे शिक्षक शाळेच्या वऱ्हांड्यात तर्री-पोहे खात उभे होतो. नागपूरचा मे, नऊ वाजायच्या आतच पटांगणातली फरशी तापायला लागली होती. तेवढ्यात आमच्या शिपाई मावशींनी मोबाइल पुढे केला. "सर, हे पाहा बरं जी. आठशे तेवीस वर्षांनी येऊन राह्यलं म्हणते. खरं हाय का?"

मेसेज असा होता : या मे महिन्यात पाच शुक्रवार, पाच शनिवार आणि पाच रविवार आहेत. असा योग ८२३ वर्षांतून एकदाच येतो. याला पैशांची थैली म्हणतात. अकरा जणांना पाठवा, चार दिवसांत धनलाभ होईल.

मी शाळेत गणित शिकवतो आणि दिनविशेषाचा फळाही माझ्याकडे आहे. रोज सकाळी त्यावर तारीख, वार, तिथी, त्या दिवशीची एखादी घटना आणि सगळ्यात खाली एक कोडं लिहायचं, हे माझं आवडतं काम. त्यामुळे कॅलेंडरच्या नावावर कोणी खोटं खपवलं की मला राहवत नाही. मावशींना तिथेच खडू घेऊन समजावलं. तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अगदी सोपी. मे महिन्याचे दिवस ३१. सातने भागले तर चार पूर्ण आठवडे आणि बाकी ३. म्हणजे ३१ दिवसांच्या कुठल्याही महिन्यात पहिले तीन वार पाच-पाच वेळा येणारच. महिना शुक्रवारी सुरू झाला की शुक्र, शनि, रवि पाच वेळा. गेल्या वर्षीचा, २०२५चा ऑगस्ट शुक्रवारीच सुरू झाला होता. म्हणजे ही 'थैली' नऊच महिन्यांपूर्वी येऊन गेली. फक्त मे म्हटला तरी २००९, २०१५ आणि २०२० या वर्षांत हेच झालं होतं, आणि पुढे २०३७ मध्ये होईल. त्यातला २०२०चा मे टाळेबंदीतला होता. त्या महिन्यात कितीतरी घरांची मिळकत थांबली होती.

सगळे ३१ दिवसांचे महिने धरले, तर शुक्रवारी सुरू होणारा एखादा महिना जवळजवळ दरवर्षी सापडतो. साधं वर्ष सोमवारी किंवा लीप वर्ष रविवारी सुरू झालं तरच तो हुकतो. २०१८ मध्ये तसा हुकला होता, आता २०२९ मध्ये हुकेल. म्हणजे दुर्मीळ काही असेलच, तर ते अशी थैली नसलेलं वर्ष!

आता या ८२३ आकड्याचा मुळापासून हिशेब करू. वर्षाचे दिवस ३६५. सातने भागले तर ५२ आठवडे आणि बाकी १. म्हणून कुठलीही तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते. मध्ये २९ फेब्रुवारी आली तर दोन वार. ही बाकी साठत साठत सातच्या पटीत गेली की जुनं कॅलेंडर पुन्हा लागू होतं. २०१५ ते २०२६ ही ११ वर्षं, मध्ये २०१६, २०२० आणि २०२४ ही तीन लीप वर्षं. ११ आणि ३ मिळून १४, बाकी शून्य. तुमच्या घरी माळ्यावर २०१५चं कॅलेंडर पडलं असेल तर खाली काढा. तारीख आणि वार तंतोतंत जुळतील. तिथी मात्र जुळणार नाहीत, कारण त्या चंद्राच्या हिशेबाने चालतात.

शतकाच्या वर्षांचा नियम थोडा वेगळा आहे. १०० ने भाग जाणारं वर्ष लीप नसतं, पण ४०० ने भाग गेला तर असतं. म्हणून २००० लीप होतं आणि २१०० नसेल. अशा रीतीने ४०० वर्षांत ९७ लीप वर्षं येतात. ४०० गुणिले ३६५ म्हणजे १,४६,०००. त्यात ९७ मिळवले की १,४६,०९७ दिवस. या संख्येला सातने भागून पाहा. भागाकार २०,८७१, बाकी शून्य!

बाकी शून्य म्हणजे ४०० वर्षांनी आपलं सगळं कॅलेंडर जसंच्या तसं पहिल्यापासून सुरू होतं. तारीख आणि वार यांचा जो मेळ एकदा पडला, तो ४०० वर्षांनी पुन्हा पडणारच. म्हणून फक्त तारीख-वारांवर उभा असलेला कुठलाही योग '८२३ वर्षांतून एकदाच' येणं शक्यच नाही. पाच शुक्रवार असोत, पुढच्या वर्षी नवा मेसेज येवो, उत्तर हेच. एका भागाकाराने असे सगळे मेसेज निकालात निघतात.

लांब पल्ल्याचं खरं चक्र पाहायचं असेल तर याच महिन्यात आहे. १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतो, तो १५ जूनपर्यंत. २००७ मध्येही अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असाच होता. १९ वर्षांत अमावास्येपासून अमावास्येपर्यंतचे २३५ चांद्रमास जवळजवळ बरोबर बसतात, फरक काही तासांचाच. हे खरं आहे आणि सुंदरही आहे, पण अकरा जणांना पाठवा असं त्यावर कोणी लिहीत नाही.

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या गोष्टीकडे येतो. कॅलेंडर न पाहता कुठल्याही तारखेचा वार तोंडी सांगता येतो. जॉन कॉनवे या गणितज्ञाने १९७३ मध्ये त्याची एक सुटसुटीत रीत बसवली. ४ एप्रिल, ६ जून, ८ ऑगस्ट, १० ऑक्टोबर, १२ डिसेंबर या तारखा पाहा. ४/४, ६/६, ८/८, १०/१०, १२/१२. कुठल्याही वर्षी या पाचही तारखांना एकच वार असतो. यंदा तो शनिवार आहे.

असं का होतं? एप्रिल आणि मे मिळून ६१ दिवस. ४ एप्रिलपासून ६१ दिवसांनी ४ जून येतो, आणखी दोन दिवसांनी ६ जून. एकूण ६३ दिवस, म्हणजे बरोबर नऊ आठवडे. जून-जुलै ६१, ऑगस्ट-सप्टेंबर ६१, ऑक्टोबर-नोव्हेंबर ६१. प्रत्येक जोडीत एक ३० दिवसांचा आणि एक ३१ दिवसांचा महिना. जुलै आणि ऑगस्ट हे लागोपाठचे ३१ दिवसांचे महिने घोटाळा करतील असं वाटतं. पण ते वेगवेगळ्या जोड्यांत पडतात आणि काहीच बिघडत नाही. पहिल्यांदा हे बोटांवर मोजून पाहिलं तेव्हा मी तासाभरात चार वेळा मोजलं होतं, इतका आनंद झाला होता.

८ ऑगस्टला जो वार, तोच सात दिवसांनी १५ ऑगस्टला. म्हणून वर्गात मी याला 'झेंड्याचा वार' म्हणतो. स्वातंत्र्यदिनाचा वार माहीत असला की सगळं वर्ष हातात आलं. विषम महिन्यांत ९ मे, ५ सप्टेंबर, ११ जुलै, ७ नोव्हेंबर आणि ७ मार्च या तारखा लक्षात ठेवायच्या. फेब्रुवारीत शेवटचा दिवस. जानेवारीत ३ तारीख, लीप वर्षी ४. या सगळ्यांना झेंड्याचाच वार येतो. ९ मेला झेंड्याचा वार, म्हणजे २ मेलाही तोच, म्हणून १ मे नेहमी त्याच्या एक वार आधी. महाराष्ट्र दिन आणि स्वातंत्र्यदिन हे कायम असेच शेजारी असतात. यंदा शुक्रवार आणि शनिवार.

वर्षाचा झेंड्याचा वार काढायला थोडी आकडेमोड लागते. बारा वर्षांत बारा वार सरकतात, अधिक तीन लीपचे. एकूण १५, म्हणजे बाकी १. थोडक्यात, दर बारा वर्षांनी एक वार पुढे. १९०० सालाचा झेंड्याचा वार बुधवार, २०००चा मंगळवार. वर्षाचे शेवटचे दोन आकडे घ्यायचे, त्यात बारा किती वेळा बसतात ते पाहायचं, उरलेले मोजायचे, त्या उरलेल्यांत चार किती वेळा बसतात ते मोजायचं. तिन्हींची बेरीज करून तितके वार पुढे जायचं.

आपल्या नागपूरचीच तारीख घेऊ. बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. ५६ मध्ये बारा चार वेळा, उरले ८, आठात चार दोन वेळा. ४ + ८ + २ = १४, म्हणजे सातच्या हिशेबात शून्य. तेव्हा १९५६चा झेंड्याचा वार १९०० सारखाच, बुधवार. १० ऑक्टोबरला बुधवार, चार दिवस पुढे रविवार. दीक्षेचा दिवस रविवारच होता.

आता एक सापळा दाखवतो. शिवराज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला. ४०० वर्षांचं चक्र माहीत असल्यामुळे १६००चा झेंड्याचा वार २००० सारखाच, मंगळवार. ७४ मध्ये बारा सहा वेळा, उरले २, त्यात चार बसत नाहीत. बेरीज ८, म्हणजे एक वार पुढे, बुधवार. ६/६ तर थेट झेंड्याचाच दिवस. म्हणजे राज्याभिषेक बुधवारी? पण शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शनिवार, असा तो दिवस आपल्याला माहीत आहे.

चूक गणिताची नाही, कॅलेंडरची आहे. ६ जून ही तारीख इंग्रजांच्या तेव्हाच्या कॅलेंडरातली. त्यांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन त्या वेळी रायगडावर हजर होता. ते जुनं ज्युलियन कॅलेंडर. त्यात शतकाचं प्रत्येक वर्ष लीप धरायचे, त्यामुळे ते सूर्याच्या मागे पडत गेलं. १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी दुरुस्ती केली. ४ ऑक्टोबर, गुरुवार याच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर, शुक्रवार आला. इंग्रजांनी मात्र ती १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. १६७४ मध्ये दोन्हींत दहा दिवसांचं अंतर होतं. त्यांचा ६ जून म्हणजे आजच्या पद्धतीचा १६ जून. बुधवारपासून दहा दिवस पुढे मोजा : शनिवार. दुरुस्तीत तारखा गाळल्या, पण वारांची साखळी कोणी तोडली नाही. म्हणून वार आणि तिथी या दोघी साक्षीदार इतक्या खात्रीच्या.

वारांच्या शुभाशुभावर विश्वास ठेवणाऱ्यांनी वारांची नावं कशी पडली तेही पाहावं. जुन्या ज्योतिषांनी ग्रहांना वेगाप्रमाणे ओळीत लावलं, सगळ्यात मंद ग्रह आधी : शनि, गुरू, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचा एकेक तास, म्हणजे एकेक होरा, क्रमाने एकेका ग्रहाला दिला आणि पहिल्या तासाच्या ग्रहाचं नाव त्या दिवसाला. २४ ला सातने भागा, बाकी ३. म्हणून रोज ओळीत तीन घरं पुढे. शनिपासून तिसरा रवि, रविपासून तिसरा चंद्र, म्हणजे सोम, मग मंगळ, बुध, गुरू, शुक्र. शनिवार शुक्रवारानंतर येतो तो या बाकीमुळे. दिवसाचे तास २५ धरले असते तर शनिवारनंतर शुक्रवार आला असता. आपण ज्या वाराला घाबरून केस कापत नाही, गाडी घेत नाही, तो वार एका भागाकारातून आला आहे. मुलांना हे लहानपणीच सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मावशींनी सगळं ऐकलं आणि मेसेज पुसला. त्यांच्या मागे सातवीतली एक मुलगी निकालपत्रक घेऊन उभी होती. सुट्टी लागण्याआधी फळ्यावर लिहिलेलं शेवटचं कोडं ती वाचत होती. फेब्रुवारीत पाच रविवार येणारी वर्षं : २००४, २०३२, २०६०, २०८८, पुढचं कोणतं? "सर, २११६," ती म्हणाली. अठ्ठावीस-अठ्ठावीस मिळवत गेली होती. मी म्हटलं, "२१०० मोजलंस का?"

ती थांबली. निकालपत्रक काखेत धरून तिने खडू घेतला आणि २०८८ पासूनच्या प्रत्येक २९ फेब्रुवारीचा वार लिहायला लागली. रवि, शुक्र, बुध. २१०० वर काट. मग शुक्र, बुध, सोम, शनि, गुरू, मंगळ, रवि. शेवटच्या रविखाली तिने २१२८ लिहिलं आणि त्याभोवती चौकट काढली.