बीएसडब्ल्यू: आधी कळस, मग पाया

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी हाच प्रश्न येतो, बीएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या तीन वर्षांच्या पदवीला अ‍ॅडमिशन घेऊ का, आणि बहुतेक जण सांगतात की कशाला, साधं बीए कर आणि मग एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला जा, काही फरक पडत नाही. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण हा सल्ला खरा ठरतो, ही परिस्थिती कशी तयार झाली ते जरा मागे जाऊन बघायला पाहिजे.

फुले, कर्वे, विठ्ठल रामजी शिंदे ही समाजसेवेची परंपरा सगळ्यांना माहितीय, ती परत सांगत नाही. डिग्रीचं म्हणाल तर सुरुवात १९३६ ची, मुंबईतली. नागपाड्याच्या वस्तीत आधीपासून काम करणाऱ्या एका अमेरिकन मिशनऱ्याच्या पुढाकाराने आणि टाटांच्या ट्रस्टच्या पैशातून देशातलं समाजकार्याचं पहिलं स्कूल, म्हणजे आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, निघालं, आणि ते मुळातच ग्रॅज्युएट झालेल्यांसाठी होतं, दोन वर्षांचा डिप्लोमा. १९६४ ला त्या संस्थेला विद्यापीठाचा दर्जा मिळाला तेव्हा डिप्लोमाच्या जागी एमए आलं, पण पातळी तीच राहिली, पदवीच्या वरची. पुढे निघालेल्या बऱ्याच संस्थांनी हाच साचा उचलला.

नोकऱ्यांचे नियमही त्याच साच्यात बसवले गेले. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टने ५०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर सक्तीचा केला, आणि त्याची पात्रता ठरवताना साधारण पदवी आणि तिच्यावर समाजकार्य किंवा कामगार कल्याणाचं शिक्षण असं धरलं गेलं. कितीतरी वर्षं लेबर वेल्फेअरचं स्पेशलायझेशन सगळ्यात जास्त चालायचं ते यामुळेच. सरकारी हॉस्पिटलातल्या समाजसेवा अधीक्षकाच्या पोस्टलाही एमएसडब्ल्यूच लागतं. म्हणजे बीएसडब्ल्यू गावोगावी पोचायच्या आधीच चांगल्या पोस्ट वरच्या डिग्रीच्या नावावर लागून गेल्या होत्या.

महाराष्ट्रात बीएसडब्ल्यू खऱ्या अर्थाने पसरलं ते ऐंशी-नव्वदच्या दशकात, आणि पुण्या-मुंबईपेक्षा विदर्भ-खानदेशात जास्त. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर, चोपडा, धुळे अशा ठिकाणी समाजकार्य महाविद्यालयं उभी राहिली, घरातली पहिलीच कॉलेजात जाणारी मुलंमुली तिथे आली, बरीचशी एससी, एसटी, ओबीसी, स्कॉलरशिपवर शिकणारी, आणि माझ्या मते या डिग्रीचं सगळ्यात मोठं काम हेच आहे, जे कुठल्याच रँकिंगमध्ये दिसत नाही. आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्य, त्याचे हाताने लिहिलेले अहवाल, सरांबरोबर आयसी (त्या कामावर एकेकट्याने होणारी चर्चा), वर्षातून एकदा खेड्यात मुक्कामी शिबिर. आश्रमशाळेत, अंगणवाडीत, बचत गटाच्या मीटिंगला, तहसील ऑफिसमध्ये संजय गांधी निराधारचा फॉर्म भरून द्यायला ही मुलं अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी जातात. इतर कुठल्या बीएच्या पोराला निराधार योजनेची फाईल कुठे अडकते ते माहीत असतं?

या कॉलेजांची एक गोष्ट बाहेरच्यांना पटकन कळत नाही. अनुदान आणि पगार उच्च शिक्षण खात्याकडून येत नाहीत, ते समाजकल्याणकडे, म्हणजे आताच्या सामाजिक न्याय खात्याकडे आहेत, आणि सिलॅबस अन् परीक्षा मात्र विद्यापीठाची. अनुदान मिळालं म्हणून कॉलेजं छोट्या गावात टिकली हे मान्यच करायला पाहिजे. पण वेतन आयोग इतर कॉलेजांना लागू झाला तरी इथे वेगळा जीआर निघेपर्यंत थांबायचं, भरतीसाठी थांबायचं, आणि ही वाट बघण्यात बीएसडब्ल्यूच्या कितीतरी बॅचेस तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या भरवशावर बाहेर पडल्या.

आता मुख्य भांडणाकडे येतो. एमएसडब्ल्यूला प्रवेश कोणाला द्यायचा? जवळजवळ सगळीकडे उत्तर आहे, कुठल्याही शाखेच्या पदवीधराला. काही ठिकाणी बीएसडब्ल्यूवाल्यांना थोडं वेटेज मिळतं, तेवढंच. दार उघडं ठेवण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नाही, नर्सिंग केलेली मुलगी, चार वर्षं संस्थेत काम केलेला बीकॉमवाला, उशिरा ठरवलेले कितीतरी लोक यामुळेच या क्षेत्रात आले, आणि प्रत्येक जिल्ह्यात बीएसडब्ल्यूचं कॉलेज होतंच कुठे. पण याचा भार कोणी उचलला तेही बघा. वर्गात अर्धी मुलं नवीन म्हणून एमएसडब्ल्यूचं पहिलं वर्ष पुन्हा व्यक्ती सहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन इथूनच सुरू होतं आणि बीएसडब्ल्यू करून आलेला पोरगा तीन वर्षं केलेलं तेच परत शिकतो.

लॉशी तुलना करून बघा. बीए करून एलएलबी केलं तर सहा वर्षं लागतात, बारावीनंतर थेट गेलात तर पाच, म्हणजे लवकर ठरवणाऱ्याचं एक वर्ष वाचतं. इथे बीए अधिक एमएसडब्ल्यू पाच आणि बीएसडब्ल्यू अधिक एमएसडब्ल्यू पण पाचच. मग हुशार मुलाने बीएसडब्ल्यू का घ्यावं याचं उत्तर व्यवस्थेनेच ठेवलेलं नाही. ही डिग्री नोकरीसाठी पुरेशी धरायची की एमएसडब्ल्यूची तयारी म्हणून, हे एकदा ठरवायला हवं होतं, आणि ते ठरवलंच नाही हाच मला यातला खरा दोष वाटतो. प्रवेशाचे नियम ज्यांनी केले त्यातले बरेच जण स्वतः दुसऱ्या शाखेतून एमएसडब्ल्यूला आलेले असावेत, त्यांना हा प्रश्न फार टोचला नसावा.

एवढं होऊनही बीएसडब्ल्यूला जागा मिळाली असती, जर सरकारी योजनांनी दिली असती. २००९ पासून बालसंरक्षणाची योजना आली, जिल्हा कक्ष उभे राहिले, आता तीच मिशन वात्सल्य म्हणून चालते. त्यातली सोशल वर्करची पोस्ट पदवीधराची आहे, म्हणजे बीएसडब्ल्यूसाठी अगदी योग्य, पण अटीत समाजकार्य, समाजशास्त्र किंवा सामाजिक शास्त्रांच्या पदवीला फक्त प्राधान्य आहे, सक्ती नाही, आणि पोस्ट कंत्राटी. पुढे २०१३ च्या कंपनी कायद्याने सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायचा खर्च, आणलं, एप्रिल २०१४ पासून नफ्याचे दोन टक्के खर्च करणं मोठ्या कंपन्यांवर आलं, त्यातून नोकऱ्या निघाल्या खऱ्या, पण जाहिरातीत परत एमएसडब्ल्यू.

आणि दाद मागायची कोणाकडे? नर्सिंगला १९४७ पासून कौन्सिल आहे, वकिलांना १९६१ चा कायदा आहे, समाजकार्याच्या कौन्सिलचा मसुदा नव्वदच्या दशकापासून फिरतोय. २०२१ च्या आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात मेडिकल आणि सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्करचं नाव आलं, तिथे हेल्थकेअर प्रोफेशनलसाठी किमान ३६०० तासांच्या डिग्रीची अट आहे. पण तो कायदा आरोग्य क्षेत्रापुरता, वस्तीत, आश्रमशाळेत, पंचायतीत काम करणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

आता नवीन शैक्षणिक धोरणामुळे जुना प्रश्न परत वर आलाय. राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून पदवी चार वर्षांची करता येते, तिसऱ्या वर्षी बाहेर पडलात तर साधी पदवी, चौथं वर्ष केलंत तर ऑनर्स, आणि ऑनर्सवाल्याला पीजी एका वर्षात. म्हणजे पहिल्यांदाच आधीपासून समाजकार्य शिकलेल्याला थेट पुढच्या टप्प्यावर घेता येईल. त्याच चौकटीत परीक्षा देऊन शाखा बदलायची मुभाही आहे, त्यामुळे दुसऱ्या विषयात ऑनर्स केलेलाही एक वर्षाच्या एमएसडब्ल्यूवर हक्क सांगू शकतो, आणि त्याचं क्षेत्रकार्य कधी होणार हे विद्यापीठांना आधीच ठरवावं लागेल. २०२४-२५ ला प्रवेश घेतलेली पहिली बॅच २०२७ ला तिसरं वर्ष संपवते आणि २०२८ ला चौथं. एक वर्षाच्या एमएसडब्ल्यूला पात्र कोण, याचा नियम त्याच्या आत लिहून झाला पाहिजे.