जिवाणूची लोहाची भूक आणि डोळ्याचं नवं औषध

२०२२-२३ मध्ये अमेरिकेत ‘कृत्रिम अश्रूं’च्या थेंबांतून स्युडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू १८ राज्यांत पसरला. थेंब तमिळनाडूत बनलेले. बाटली पुन्हा पुन्हा उघडून वापरायची, पण आत पुरेसं प्रिझर्व्हेटिव्ह नव्हतं. ८१ जणांना लागण झाली, चौघे दगावले, चौदा जणांची दृष्टी गेली आणि आणखी चौघांचा डोळा काढावा लागला.

या जिवाणूवर सिप्रोफ्लॉक्सासिन, टोब्रामायसिन, सेफ्टाझिडिम, इतकंच काय कार्बापेनेम गटातली राखीव प्रतिजैविकंही चालेनात. त्याच्याकडे व्हीआयएम नावाचं विकर (एन्झाइम) होतं. त्यातले जस्ताचे दोन आयन पाण्याच्या रेणूला धार देतात आणि तो रेणू बीटा-लॅक्टम वलय, म्हणजे यातल्या अनेक औषधांचा मुख्य भाग, फोडतो. वलय फुटलं की औषध निकामी. तपासलेल्या नमुन्यांवर लागू पडलं ते सेफिडेरोकॉल हे प्रतिजैविक. अमेरिकेत त्याला २०१९ मध्ये मान्यता मिळाली होती.

त्याची करामत लोहात आहे. जिवाणूला वाढायला लोह लागतं आणि आपलं शरीर ते मोकळं ठेवत नाही. अश्रूंतलं लॅक्टोफेरिन हे प्रथिन लोह पकडून ठेवतं. मग जिवाणू लोह ओढून आणणारे रेणू, म्हणजे सिडेरोफोर, बाहेर सोडतो. लोह घेऊन परतलेल्या रेणूला जिवाणूच्या बाह्यपटलावरचे ग्राही, म्हणजे द्वारपालासारखी प्रथिनं, ओळखून आत घेतात. सेफिडेरोकॉलला शास्त्रज्ञांनी कॅटेकॉलचा तुकडा जोडला. तो फेरिक लोहाला धरतो आणि ग्राही फसतो. लाल महालावरच्या छाप्याआधी मावळे वरातीच्या मिषाने पुण्यात शिरले असं सांगतात, तसंच हे. दोन पटलांमधल्या पोकळीत पोचलं की औषध पेशीभित्तिका बांधणाऱ्या पीबीपी-३ या प्रथिनाला चिकटतं. पेशीभित्तिकेची बांधणी थांबते, जिवाणू दोऱ्यासारखा लांबत जातो आणि शेवटी फुटतो. औषधाच्या रेणूची ठेवणच अशी आहे की वलय फोडणारी बरीच विकरं त्याच्यापुढे फिकी पडतात.

मात्र हे औषध शिरेतून देण्यासाठी आहे, आणि निरोगी बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. म्हणून थेंबांचा विचार सुरू झाला. सशांच्या डोळ्यांवरच्या प्रयोगात ते परिणामकारक ठरले आहेत. एरवी जंतुसंसर्गाने या पडद्यावर झालेल्या जखमेत डॉक्टर आधी जखम खरवडून नमुना प्रयोगशाळेत पाठवतात आणि लगेच तीव्र थेंब सुरू करतात. उदाहरणार्थ, ५०० मिलिग्रॅम सेफाझोलिन १० मिलिलिटर द्रवात, म्हणजे ५ टक्के. सुरुवातीला दर तासाला, रात्रीसुद्धा. दोन वेगळ्या थेंबांमध्ये किमान पाच मिनिटं अंतर हवं, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो.

डोळ्यात मध, एरंडेल किंवा अंगावरचं दूध घालणं यातलं काहीही इथे उपयोगाचं नाही. स्युडोमोनासची विकरं पडद्यातलं कोलॅजन विरघळवत असतात, कधीकधी दोन-तीन दिवसांत पडदा फुटतो. दुकानातून स्वतःच आणलेले स्टेरॉइडचे थेंब तर आग भडकवतात.

सेफिडेरोकॉललाही जिवाणू चकवू लागले आहेत. काहींच्या ग्राहीच्या जनुकात बदल होतो आणि लोहासकट औषधही बाहेरच राहतं. भारतात बरंच पसरलेलं एनडीएम हे वलय फोडणारं विकर जिवाणूकडे असेल, तर सेफिडेरोकॉलचा परिणाम पुष्कळदा अपुरा पडतो. म्हणून थेंब बाजारात आले तरी ते नमुन्याच्या अहवालावरूनच द्यावे लागतील.