भरलेल्या धरणासारखे यकृत

जूनमध्ये नाशिकजवळच्या गंगापूर धरणावर धो धो पाऊस झाला, तरी गोदाघाटावर फारसे काही बदलत नाही. धरण तळाला गेलेले असते; येईल ते पाणी पोटात घेते. तोच पाऊस धरण काठोकाठ असताना पडला, की दरवाजे उघडावे लागतात आणि घाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती पाण्यात उभी राहते. पाऊस तेवढाच असतो, धरणात जागा उरलेली नसते.

यकृताचा जुना आजार असलेल्या माणसाला काविळीचा विषाणू गाठतो तेव्हा असेच होते. 'कावीळच ना, पथ्य पाळा, उतरेल' हे धडधाकट माणसाच्या बाबतीत बहुतेक वेळा खरे ठरते. यकृताची राखीव ताकद इतकी मोठी असते, की काही पेशी मेल्या तरी उरलेल्या काम ओढून नेतात. सिऱ्हॉसिसमध्ये यकृतात जागोजागी व्रणासारखे कडक तंतू तयार झालेले असतात आणि ती राखीव ताकद आधीच खर्ची पडलेली असते. समजा, दोघा भावांनी एकाच गाड्यावर, एकाच बर्फाचा उसाचा रस घेतला. धाकटा तीन आठवडे पिवळा होऊन बरा होईल. थोरल्याला सिऱ्हॉसिस असेल, तर त्याचे बिलिरुबिन (रक्तातले पिवळे द्रव्य) ५ च्या पुढे जाते, रक्त गोठेनासे होते आणि चार आठवड्यांच्या आत पोटात पाणी भरते किंवा शुद्ध हरपू लागते. जुन्या आजारावर आलेले हे अचानक यकृत-निकामीपण भल्याभल्या अतिदक्षता विभागांनाही आवरत नाही.

खरी अडचण अशी, की थोरल्याला आपल्याला सिऱ्हॉसिस आहे हे बहुधा माहीतच नसते. वर्षानुवर्षांची दारू, मधुमेह आणि वजनाबरोबर वाढलेली यकृतातली चरबी, लहानपणीच शिरलेला हिपॅटायटीस बी, यांतले काहीही यकृताला आतून न दुखवता पोखरत राहते.

पाण्यातून येणारे काविळीचे विषाणू दोन, हिपॅटायटीस ए आणि ई. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेचे सांडपाणी मिसळलेले पाणी नळाला आले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तो ई होता, हे साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून कितीतरी वर्षांनी कळले. हे विषाणू साधारण ३० नॅनोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरचे एक लाख भाग करावेत त्यातले जेमतेम तीन. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ बसतो, पाणी नितळ दिसते. पण विषाणू गेला असे म्हणता येत नाही. साध्या कँडलच्या फिल्टरमधूनही तो निसटू शकतो. चांगली उकळी आलेले पाणी मात्र खात्रीचे. यकृताच्या रुग्णाने पावसाळ्यात बाहेरचा बर्फ आणि कापलेली फळे सोडावीत, असे मी आग्रहाने सांगेन.

बी आणि सी रक्तातून येतात, बी लैंगिक संबंधातून आणि प्रसूतीवेळी आईकडून बाळालाही. बीच्या रुग्णांची एक चूक फार महागात पडते: बरे वाटू लागले, रिपोर्ट चांगला आला, म्हणून रोजची गोळी स्वतःच बंद करणे. दाबून ठेवलेला विषाणू उसळतो आणि अशक्त यकृताला तो तडाखा सोसत नाही. स्टिरॉइड किंवा केमोथेरपीनेही तो जागा होतो. म्हणून ते उपचार सुरू करण्याआधीच बीची तपासणी हवी. सीवर लस नाही, पण गोळ्यांनी बहुतेकांचा तो पूर्ण बरा होतो, साधारण १२ आठवड्यांत, सिऱ्हॉसिस असेल तर कधी २४. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात २०१८ पासून बी आणि सीची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात.

यकृत शरीराची चौकीही आहे. आतड्यांकडून येणारे रक्त आधी त्याच्यातून जाते आणि ऊतींमध्ये ठाण मांडून बसलेल्या, जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींपैकी ८० ते ९० टक्के तिथेच असतात. सिऱ्हॉसिसमध्ये रक्त आडवाटेने निघून जाते, चौकी ओस पडते. म्हणून फ्लू आणि कोविडही या रुग्णांना जड जातात. ताप आला की दुकानातून आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके आणू नयेत. ती मूत्रपिंडाला घातक ठरतात आणि त्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल चालते, पण दिवसाला २ ग्रॅमच्या आत आणि डॉक्टरांना विचारून.

लस लवकर घ्यावी, कारण आजार वाढला की तिचा परिणाम कमी होतो. बीचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात, एच्या मृत विषाणूच्या लशीचे दोन डोसही सहा महिन्यांच्या अंतराने. फ्लूची दरवर्षी. सिंहस्थ कुंभमेळ्यात नाशिकच्या पाण्यावर, हॉटेलांवर, स्वच्छतागृहांवर किती ताण येतो हे २०१५ मध्ये पाहिलेल्यांना सांगायला नको. ज्यांच्या घरी यकृताचा रुग्ण आहे त्यांनी लशीच्या सहा महिन्यांचा हिशेब करून सिंहस्थाच्या आधीच सुरुवात करावी.

काविळीची माळ घालणे, चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ उतरवणे अजून चालते. माळेतल्या ओल्या काड्या वाळून आकसतात, दोरा सैल पडतो आणि माळ लांबते. ती कोणाच्याही गळ्यात लांबेल. धडधाकट माणसाचे यात काही बिघडत नाही, तो आपोआप बरा होणारच असतो. यकृताच्या रुग्णाचे मात्र तेवढेच दिवस मोलाचे असतात. तो दिवसा झोपू लागला, रात्री टक्क जागा राहू लागला, सही वाकडी येऊ लागली, पुढे धरलेले पंजे फडफडू लागले, तर यकृताला गाळता न आलेले विष मेंदूपर्यंत पोचू लागले आहे. सकाळची वाट न पाहता त्याच रात्री त्याला रुग्णालयात न्यावे.