व्हॅन्कोमायसिनची लेव्हल पाठवताना वेळ नक्की लिहा
(लातूर, धाराशिव, बीड भागातल्या आमच्या ग्राहक रुग्णालयांसाठी)

व्हॅन्कोमायसिन हे सलाईनमधून द्यायचं प्रतिजैविक. त्याची रक्तातली पातळी, म्हणजे लेव्हल, १८ आली, एवढ्यावर डोस ठरत नाही. सलाईन संपल्यावर दोन तासांनी आलेले १८ वेगळे आणि पुढच्या डोसच्या तोंडावर आलेले १८ वेगळे. म्हणून नुसत्या आकड्याऐवजी आम्ही त्या रुग्णाचा स्वतःचा क्लिअरन्स, म्हणजे त्याचं शरीर तासाला किती लिटर रक्तातून औषध साफ करतं ते, सॉफ्टवेअरने काढून देतो.

गावाची पैसेवारी माहीत असली तरी आपल्या रानात किती पिकेल ते रान पाहूनच कळतं. पण रानाचा एकच कोपरा पाहायला मिळाला, तर गावाच्या सरासरीचा आधार घ्यावाच लागतो. सॉफ्टवेअरही हेच करतं. अनेक रुग्णांच्या नोंदींवरून बनलेलं मॉडेल सरासरी सांगतं आणि माणसामाणसांत किती फरक पडतो तेही. वय, वजन, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारी रक्ततपासणी) टाकलं की पहिला अंदाज येतो. एक-दोन लेव्हल मिळाल्या की बेझियन पद्धतीने तो त्या रुग्णापुरता दुरुस्त होतो. या कामाची वाट १९८० साली स्टुअर्ट बील आणि लुईस शायनर यांच्या नॉनमेम या प्रोग्रामने घालून दिली.

समजा, दर १२ तासांनी १००० मिलिग्रॅम चालू आहे. क्लिअरन्स ताशी ४ लिटर असेल तर दिवसाचा एयूसी (दिवसभरात रक्तात औषध किती आणि किती वेळ राहिलं याचा एकत्र हिशेब) २००० भागिले ४, म्हणजे ५००. गंभीर एमआरएसए (नेहमीच्या अनेक प्रतिजैविकांना न जुमानणारा जंतू) संसर्गासाठी २०२०च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचना ४०० ते ६०० सांगतात, त्यात हा बसतो. क्लिअरन्स २.५ असेल तर त्याच डोसवर ८०० होतो आणि किडनीला धोका वाढतो. अशा वेळी दिवसाला १२५० मिलिग्रॅम पुरतं. वाळलेल्या, म्हाताऱ्या रुग्णांत हे विशेष जपावं लागतं: स्नायू कमी असल्याने क्रिएटिनिन चांगलं दिसतं, किडनी मात्र थकलेली असते.

सिस्टरांना आमची कळकळीची विनंती आहे. डोसची ठरलेली वेळ लिहू नका. सलाईन प्रत्यक्ष कधी लागलं, कधी संपलं आणि रक्त कधी घेतलं ते लिहा. उशीर झाला असेल तर तसंच लिहा, त्याने काही बिघडत नाही; सॉफ्टवेअर तो हिशेबात धरतं. चुकीची वेळ मात्र त्याला ओळखता येत नाही. औषध चालू असलेल्या लाइनमधून रक्त घेऊ नका, आकडा खोटा वाढतो.

एकच लेव्हल असेल तर उत्तर सरासरीकडे झुकतं, आणि रिपोर्टवर आम्ही तसं स्पष्ट लिहितो. शक्य असेल तर एकाच डोसनंतरच्या दोन लेव्हल पाठवा: एक सलाईन संपल्यावर एक-दोन तासांनी, दुसरी पुढच्या डोसआधी. क्रिएटिनिन बदललं तर जुना रिपोर्ट धरून चालू नका. नवी लेव्हल घ्या.