अबोली : गोव्यातील घरबागेतील लागवड व निगा

अबोली हे ॲकँथेसी कुलातील, म्हणजे अडुळसा आणि कोरांटी यांच्या कुलातील, सदाहरित लहान झुडूप असून त्याचे शास्त्रीय नाव क्रॉसँड्रा इन्फंडिब्युलिफॉर्मिस असे आहे. दक्षिण भारत आणि श्रीलंका हे त्याचे मूळ स्थान होय. झुडूप साधारणपणे ३० ते ९० सेंमी. उंच वाढते, पाने गडद हिरवी, चकचकीत व काठाला किंचित लहरदार असतात. लांब देठावर चौकोनी, हिरव्या छदांचे (फुलाखालच्या पानासारख्या भागांचे) कणिस येते व त्यातून खालून वर क्रमाक्रमाने फुले उमलत जातात, त्यामुळे एकच कणिस दोन-तीन आठवडे फुले देत राहते. फुलाची नळी बारीक व लांब असून पाकळ्या पंख्याप्रमाणे एकाच बाजूला पसरलेल्या असतात. नेहमीचा रंग केशरी. पिवळ्या, तांबड्या व गुलाबीसर छटांचे प्रकारही आढळतात. फुलाला वास नसतो.

गोव्यात अबोलीला शोभेच्या झाडापेक्षा वेगळे स्थान आहे. घराच्या अंगणात, तुळशीवृंदावनाच्या आसपास ती लावली जाते आणि फुले केळीच्या सोपाच्या धाग्याने गुंफून त्यांची फाती केली जाते. ही फाती केसांत माळली जाते, तशीच देवीलाही वाहिली जाते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि फोंडा तालुक्यातील देवळांबाहेर फाती विकणाऱ्या स्त्रिया आजही दिसतात. जाई किंवा सुरंगी सुवासासाठी घ्यावी आणि अबोली रंगासाठी व टिकण्यासाठी, अशी साधी वाटणी येथे रूढ आहे. दिवसभर माळूनही अबोली फारशी कोमेजत नाही, हे तिच्या लोकप्रियतेचे खरे कारण मानावे लागते.

लागवडीसाठी सकाळचे ऊन आणि दुपारची विरळ सावली मिळेल अशी जागा उत्तम. गोव्यातील जांभ्या दगडाची माती आम्लधर्मी व कमी कसदार असते, तर अबोलीला सौम्य आम्ल ते उदासीन माती मानवते. म्हणून खड्ड्यात भरपूर कुजलेले शेणखत घालून थोडी राख मिसळणे फायद्याचे ठरते. खरी अडचण मात्र मातीपेक्षा पाण्याची आहे. जून ते सप्टेंबर या काळात येथे सुमारे ३,००० मिमी. वार्षिक पावसाचा बहुतांश भाग कोसळतो, आणि मुळांशी पाणी साचले की झाड पिवळे पडून मरते. त्यामुळे वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच करावा आणि छपराच्या पागोळ्या जेथे पडतात त्या रेषेत रोप कधीही लावू नये. पागोळ्यांच्या माऱ्याने मुळांवरची माती वाहून जाते व कणसे चिखलाने माखतात. समुद्रालगतच्या गावांत विहिरीचे पाणी उन्हाळ्यात खारट होते, तेव्हा ते अबोलीला घालणे टाळावे.

रोपे बियांपासून किंवा छाटकलमांपासून करतात. बी तयार होण्याची रीत मजेदार आहे : फुले गळून गेलेले कणिस झाडावरच वाळू दिले, की त्यातील वाळक्या बोंडांवर पाणी पडताच ती टपकन फुटून चार बिया दूरवर उडवतात. बी हाती यायचे असेल तर वाळलेली कणसे पाऊस लागण्याआधी काढून कागदी पिशवीत ठेवावीत. ‘दिल्ली’ या नावाने ओळखला जाणारा त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेला) प्रकार बी धरत नाही, म्हणून तो छाटकलमांनीच वाढवावा लागतो. तो अधिक पसरतो, म्हणून त्याच्या दोन झाडांत सुमारे ६० सेंमी. अंतर ठेवावे, इतर प्रकारांना ३० ते ४५ सेंमी. पुरते. बंगळूर येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने विकसित केलेले अर्का अंबरा व अर्का कनका हे वाणही उपलब्ध आहेत. हौशी बागाईतदाराला मात्र शेजारच्या अंगणातून आणलेले देशी रोपच सोपे, कारण ते त्या मातीला सरावलेले असते.

निगा फार लागत नाही. रोप वीतभर झाल्यावर शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या फुटतात, आणि फुले संपलेली कणसे काढत राहिल्याने बहर लांबतो. फुले एक दिवसाआड सकाळी खुडावीत. उन्हाळ्यात माती वाळू न देता पाणी द्यावे व बुडाशी नारळाच्या सोडणांचे तुकडे पसरावेत. जोराच्या पावसात फुले कमी येतात व भिजून गळतात, त्याला उपाय नाही.

रोगांपैकी सूत्रकृमींचा (मातीतील सूक्ष्म, धाग्यासारख्या कृमींचा) उपद्रव सर्वांत त्रासदायक. प्रॅटिलेंकस वंशातील सूत्रकृमी मुळे पोखरतात आणि त्या जखमांतून फ्युजॅरियम बुरशी शिरून झाड मरते. पाने फिकट पडून लहान होऊ लागली व मुळे काळपट दिसली, तर झाड मुळासकट उपटून जाळावे आणि तेथे लगेच पुन्हा अबोली लावू नये. लागवडीवेळी निंबोळी पेंड घालणे आणि मधून मधून झेंडू लावणे हे प्रतिबंधक उपाय आहेत. पिठ्या ढेकूण व मावा यांवर साबण मिसळलेल्या निंबोळी तेलाची फवारणी पुरेशी होते. झाड साधारण तीन वर्षांनी काष्ठमय होऊन फुले विरळ येतात, तेव्हा पावसाळ्याच्या अखेरीस छाटकलमे करून नवी रोपे दुसऱ्या वाफ्यात हलवणे श्रेयस्कर असते.