निर्देशक प्रतलावर बिंदू स्थापन करणे

दोन संख्यांची क्रमित जोडी (जिच्यात कोणती संख्या आधी हे महत्त्वाचे असते) दिली असता तिच्याशी जुळणारा प्रतलावरचा एकमेव बिंदू शोधून तो खुणेने दाखवणे. या दोन संख्या म्हणजे त्या बिंदूचे निर्देशक : पहिली क्ष-निर्देशक, दुसरी य-निर्देशक. निर्देशक भूमितीची सुरुवात येथून होते. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात हा विषय इयत्ता नववीत येतो. पण संख्यारेषा आणि ऋण संख्या ज्याला कळल्या आहेत, अशा लहान मुलालाही तो जमण्यासारखा आहे.

प्रतलावर दोन संख्यारेषा काटकोनात छेदतात. आडवी रेषा म्हणजे क्ष-अक्ष, उभी म्हणजे य-अक्ष, आणि त्या छेदतात तो आरंभबिंदू, म्हणजे (०, ०). (४, −२) हा बिंदू घ्यायचा तर आरंभबिंदूपासून उजवीकडे ४ एकके जायचे, तेथून खाली २ एकके उतरायचे आणि ठिपका द्यायचा. आधी आडवे, मग उभे हा क्रम निव्वळ संकेत आहे. उलटा ठरला असता तरी गणित अडले नसते. मात्र एकदा ठरल्यावर तो सर्वांनी पाळावा लागतो. आलेख कागदाच्या कोपऱ्यात ‘प्रमाण : दोन्ही अक्षांवर १ सेमी = १ एकक’ असे लिहिण्याची शाळेतली सक्तीही याच कारणासाठी आहे.

मुलांची खरी अडचण क्रमाच्याही आधी सुरू होते. बुद्धिबळाच्या पटावर अक्षर आणि अंक मिळून एका घराचे नाव होते. निर्देशक मात्र घराचे नाव सांगत नाहीत, ते दोन रेषा जेथे छेदतात ती जागा सांगतात. हा फरक न कळलेला विद्यार्थी चौकोनाच्या पोटात ठिपका देतो, किंवा आरंभबिंदूलाच ‘एक’ म्हणून मोजायला लागतो आणि प्रत्येक बिंदू एका एककाने चुकवतो. म्हणून सुरुवातीला रेषांवर बोट ठेवून शून्यापासून मोजायला लावणे बरे.

जोडी उलटी वाचण्याची चूक त्यानंतरची. (२, ५) ऐवजी (५, २) घेतला की बिंदू ४५ अंशांच्या तिरक्या रेषेपलीकडे आरशातल्यासारखा जातो. सरावाला (३, ३) सारखे बिंदू दिले तर ही चूक दिसतच नाही, तरीही असे बिंदू सरावाच्या उदाहरणांत हटकून सापडतात. आणखी एक गुंता पाठ्यपुस्तकी भाषेतून येतो : क्ष-निर्देशक हे य-अक्षापासूनचे अंतर असते. क्ष-अक्षावरच्या प्रत्येक बिंदूचा य-निर्देशक शून्य असल्याने त्या अक्षाचे समीकरण य = ० असे होते. ऐकायला हे उफराटे वाटते. (१, ०), (३, ०), (−२, ०) हे बिंदू स्वतः मांडून पाहिल्यावर मात्र ते पाठ करावे लागत नाही.

अक्षांमुळे प्रतलाचे चार चरण होतात. उजवीकडच्या वरच्या भागापासून घड्याळाच्या उलट दिशेने मोजल्यास निर्देशकांची चिन्हे अनुक्रमे (+, +), (−, +), (−, −), (+, −) अशी येतात. अक्षांवरचे बिंदू कोणत्याच चरणात नसतात.

या पद्धतीला फ्रेंच तत्त्वज्ञ व गणिती रने देकार्त (१५९६–१६५०) याचे नाव चिकटले आहे. त्याचा भूमितीवरचा निबंध १६३७ मध्ये लायडन येथे छापला गेला. छतावरची माशी पाहून त्याला ही कल्पना सुचली ही गोष्ट वर्गात रंगते, पण तिला समकालीन आधार नाही. शिवाय आज वहीत काढतो तसे दोन काटकोनी अक्ष आणि चार चरण त्या निबंधात नाहीत. तो एका आधाररेषेवरून काम करतो आणि ऋण दिशेचा पद्धतशीर विचार करत नाही. फ्रेंच गणिती प्येर द फेर्मा त्याच सुमारास स्वतंत्रपणे याच कल्पनेपाशी पोचला होता, परंतु त्याचे लेखन मरणोत्तर, १६७९ मध्ये प्रसिद्ध झाले. न्यूटनने १७०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्रिघाती वक्रांच्या (ज्यांच्या समीकरणात तिसरा घात येतो अशा वक्रांच्या) वर्गीकरणात ऋण निर्देशकही सर्रास वापरले आहेत.

शाळेबाहेर हा क्रम नेहमीच तसा राहत नाही. नकाशात अक्षांश आधी आणि रेखांश नंतर सांगतात : पुणे सुमारे १८.५ अंश उत्तर, ७३.९ अंश पूर्व. म्हणजे उभी दिशा आधी आली. मुलांसाठीच्या ‘स्क्रॅच’ या संगणकभाषेत रंगमंच ४८० एकके रुंद आणि ३६० एकके उंच असतो, आरंभबिंदू मधोमध असतो आणि चारही चरण वापरता येतात. ऋण निर्देशकांच्या सरावाला तो आलेख कागदाइतकाच उपयोगी. वेबपानावर चित्र काढताना मात्र आरंभबिंदू सहसा डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि य खाली जाताना वाढतो. त्यामुळे वहीतले निर्देशक तेथे जसेच्या तसे भरले, तर घराचे छप्पर खाली येते.