चक्रीवादळाची चाहूल : सातारा-सांगलीतील पूर्वतयारी

किनाऱ्याकडे सरकणारे चक्रीवादळ बळावू लागल्यावर सह्याद्रीच्या पूर्वेकडील सातारा व सांगली जिल्ह्यांत शेतकरी, प्रशासन, धरण व वीज यंत्रणा जी पावले उचलतात, त्यांची ही नोंद. दोन्ही जिल्ह्यांना किनारा नाही. सागरी उधाण, बंदरावरचा बावटा, होड्या वर ओढून घेणे ही कोकणची कामे. घाटावर वाऱ्याच्या वेगापेक्षा आभाळ किती दिवस भरलेले राहणार, याची चिंता मोठी असते, आणि त्या दिवसांत पीक कोणत्या अवस्थेत आहे यावर नुकसान ठरते.

भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत वाऱ्याचा वेग ताशी ६२ किमी झाला की प्रणालीला चक्रीवादळ म्हणतात व नाव दिले जाते. ८९ किमीपासून ते तीव्र, ११८ पासून अतितीव्र आणि २२२ किमीपासून महाचक्रीवादळ ठरते. समुद्राच्या पाण्याचे तापमान सुमारे २६-२७ अंश सेल्सिअसच्या वर, गरम पाण्याचा थर खोल आणि वरच्या-खालच्या हवेतील वाऱ्यांत फारसा फरक नाही, अशी स्थिती जुळली की वादळ झपाट्याने फुगते. २४ तासांत वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ५५ किमीने वाढला तर त्याला वेगवान तीव्रता-वाढ मानतात. पूर्वानुमानातला सर्वांत अवघड भाग हाच. वादळ कोणत्या वाटेने जाईल हे आता बऱ्यापैकी आधी सांगता येते, पण ते किती बळावेल याचा अंदाज अजूनही चुकतो. भर पावसाळ्यात वरच्या थरातील जोरदार वाऱ्यांमुळे चक्रीवादळे सहसा तयार होत नाहीत. म्हणून धास्तीचे हंगाम दोन : एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर.

इशारे चार टप्प्यांत येतात. साधारण ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सतर्कता, २४ तास आधी इशारा आणि धडकेच्या किमान १२ तास आधी धडकेनंतरचा अंदाज. बातम्यांत पहिल्या तिघांचा गाजावाजा होतो. घाटावरच्या माणसाने मात्र चौथा नीट वाचावा, कारण जमिनीवर आल्यावर वादळ कुठे वळेल आणि आतल्या जिल्ह्यांत काय होईल हे त्यातच असते. महाराष्ट्र व गोव्यासाठीचे इशारे मुंबईच्या केंद्रातून निघतात. जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरण त्यावर कार्यवाही करते. तिथून निरोप तहसीलदार, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील असा उतरतो. मोबाइलवर येणाऱ्या रंगीत नकाशांचा वेग त्याहून जास्त. त्यांतले काही तर मागच्या वर्षीच्या वादळाचे असतात.

वादळाचा परिणाम इथे दोन वाटांनी पोहोचतो. पहिली वाट अरबी समुद्राची. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात धडकले आणि पुणे-नाशिककडे सरकत क्षीण झाले. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ १६-१७ मे रोजी कोकण किनाऱ्याला समांतर वर सरकले व १७ मेच्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर आदळले. अशा वेळी महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा हा डोंगरी पट्टा आधी झोडपला जातो. पत्रे उडतात, झाडे आडवी होतात, आंबेनळी व कुंभार्ली घाटांत फांद्या व दरडी येतात. सह्याद्री ओलांडताना वाऱ्याचा जोर मोडतो आणि माण-खटावपर्यंत पोहोचेतो उरते ते बहुधा ढगाळ वातावरण आणि तुरळक सरी. घाटावरून मदतही खाली जाते : ‘तौक्ते’नंतर महावितरणची इकडची पथके खांब आणि तारा उभ्या करायला कोकणात उतरली होती.

दुसरी वाट बंगालच्या उपसागराची, आणि तिच्याकडे कमी लक्ष जाते. १३ ऑक्टोबर २०२० रोजी काकीनाड्याजवळ किनारा ओलांडलेली प्रणाली चक्रीवादळही झाली नव्हती, म्हणून तिला नावही मिळाले नाही. तेलंगण व उत्तर कर्नाटकातून ती दक्षिण महाराष्ट्रात आली, सोलापूर, सांगली, पुणे या भागांत तिने अतिवृष्टी केली आणि अरबी समुद्रात उतरून पुन्हा जोर धरला. याउलट ऑक्टोबर २०१९ मधील ‘क्यार’ हे महाचक्रीवादळ भारताच्या किनाऱ्याला लागलेच नाही, ओमानच्या दिशेने निघून गेले. तरी त्याच्या आणि पाठोपाठ आलेल्या ‘महा’च्या काळातल्या अवकाळीने नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागा उद्ध्वस्त झाल्या. वादळाच्या वर्गवारीवरून घाटावरच्या नुकसानीचा अदमास बांधू नये, हे या दोन वर्षांवरून पुरेसे दिसते.

तासगाव, मिरज, पलूस, खानापूर, कवठे महांकाळ, जत या द्राक्षपट्ट्यात वादळाची बातमी छाटणीच्या तारखेशी लावून ऐकली जाते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी झालेली बाग चाळीस दिवसांच्या आसपास फुलोऱ्यात येते. त्या वेळी पाऊस लागला तर घडांची गळ आणि कूज होते. पानावर काही तास पाणी टिकले तरी डाऊनी, म्हणजे केवडा हा बुरशीजन्य रोग, शिरतो. डिसेंबरमध्ये आगाप बागांच्या मण्यांत साखर भरत असते. तेव्हाच्या पावसाने मणी तडकतात आणि व्यापारी सौदा मोडून निघून जातो. म्हणून आभाळ येण्याआधी बुरशीनाशकाची फवारणी, दाट फुटींची विरळणी, ठिबक बंद करणे, बोदाकडेला, म्हणजे वेलींच्या उंच वरंब्यालगत, चर काढणे अशी घाई उडते. एकाच दिवशी सगळ्यांना ट्रॅक्टर आणि ब्लोअर (फवारणी यंत्र) हवा असतो; भाड्याने घेणाऱ्याची पाळी येईपर्यंत कधी पहिली सर पडूनही जाते. छाटणी व्हायची असेल तर काही जण ती आठवडाभर पुढे ढकलतात. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा साप्ताहिक हवामान सल्ला अनेक बागायतदार पाहतात, पण शेवटचा निर्णय शेजारच्या बागेत काय चालले आहे ते पाहूनच होतो. प्लॅस्टिक आच्छादन हा खात्रीचा उपाय आहे, मात्र त्याचा खर्च लहान बागायतदाराला झेपत नाही.

त्याच आभाळाकडे जत, आटपाडी, माण, खटावचा कोरडवाहू शेतकरी वेगळ्या नजरेने बघतो. हा पर्जन्यछायेचा मुलूख. पश्चिमेचा मोसमी पाऊस इथवर पोहोचता पोहोचता रिता होतो आणि भिस्त राहते ती परतीच्या व उपसागराकडून येणाऱ्या पावसावर. ऑक्टोबरमधल्या एका प्रणालीने तलाव भरतात, विहिरींना पाझर फुटतात, शाळूला (रब्बी ज्वारीला) ओल मिळते. तासगावात ‘आता उघडू दे रे बाबा’ म्हणत असतात, तेव्हा जतेत पेरणीची पाभर बाहेर निघालेली असते. दोघांचा जिल्हा एकच, त्यामुळे ‘सांगली जिल्ह्यासाठी वादळ हानिकारक’ असे सरसकट विधान करता येत नाही.

सर्वांत उघड्यावर असतात ते मेंढपाळ आणि ऊसतोड मजूर. थंडीच्या तोंडावर रात्रभर पाऊस व गार वारा लागला तर मेंढ्या गारठून दगावतात. तळ आधीच आडोशाला हलवला तरच त्या वाचतात. मजुरांच्या कोप्या (झोपड्या) उसाच्या फडाजवळच्या सखल रानात असतात, आणि गावाबाहेरच्या या वस्तीपर्यंत दवंडी किंवा ग्रामपंचायतीचा निरोप पोहोचतोच असे नाही. ऊस लोळतो, वाफसा येईपर्यंत, म्हणजे रान पुरेसे सुकेपर्यंत, तोड थांबते, कारखान्याचे गाळप मंदावते. महाबळेश्वर-पाचगणीकडे स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत पाणी साचू नये म्हणून नाल्या मोकळ्या केल्या जातात. वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारांवरील पवनचक्क्यांना जोरदार वारा लाभतो असे वाटते; प्रत्यक्षात ताशी ९० किमीच्या आसपास वेग गेला की त्या पाती वळवून आपोआप थांबतात.

धरणांच्या बाबतीत महिना पाहावा लागतो. मे-जूनमध्ये कोयनेचा १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेचा शिवसागर जलाशय बराच रिकामा असतो. वादळी पावसाचे पाणी त्यात सहज मावते. ऑक्टोबरमध्ये कोयना, वारणा, धोम, कण्हेर, उरमोडी ही धरणे बहुधा काठोकाठ भरलेली असतात आणि येईल ते पाणी सोडावे लागते. सांगलीकरांची नजर मग कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीकडे वळते : ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. मात्र २००५, २०१९ व २०२१ चे महापूर जुलै-ऑगस्टच्या मोसमी अतिवृष्टीचे होते, चक्रीवादळाचे नव्हते. वादळाची बातमी आली की शहरात महापुराची भीती पसरते, तिला आजवरच्या अनुभवाचा फारसा आधार नाही.

वादळ ओसरल्यावर पंचनाम्यांचा टप्पा येतो. आपत्ती निधीच्या निकषांनुसार ३३ टक्के वा अधिक नुकसान झालेल्या पिकाला मदत मिळते. २०१९ च्या अवकाळीनंतर राज्यपालांनी खरीप पिकांसाठी हेक्टरी ८,००० व फळबागांसाठी १८,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, जाहीर केले होते. द्राक्षबागेच्या एका हंगामाच्या खर्चापुढे ही रक्कम अगदीच तुटपुंजी. हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई ठरते ती महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवरून. पाऊस शिवाराशिवारांत वेगवेगळा पडतो. बाग एका कुशीत झोडपली जाते आणि काही किलोमीटरवरच्या केंद्रात मोजका पाऊस नोंदला जातो. अशा बागेला विमा मिळत नाही, आणि द्राक्षपट्ट्यातील विम्यासंबंधीच्या तक्रारी बहुतांशी याच मुद्द्यावर असतात.